विंडोजच्या लॅपटॉपमधले १०० एमबीचे पार्टिशन (डिस्कचा कप्पा) काढावे का, आणि बिटलॉकर बंद करावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. आपल्याला सी ड्राइव्हच्या आधी दिसणारे १०० एमबीचे पार्टिशन ईएफआयचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या यंत्रणेचे असून विंडोज सुरू करणारा बूटलोडर त्यातच असतो. ते काढले तर लॅपटॉप चालू होणार नाही, शिवाय ते सीच्या डावीकडे असल्याने मोकळी झालेली जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सीला जोडताही येत नाही.

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. तिचा अनुभव मात्र आम्ही घरात घेतला आहे. गेल्या वर्षी बाबांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला. घरी आणून चालू केला, तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. डिस्क उघडण्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते आणि मशीन सुरू होताना कुठे फेरफार आढळला नाही तरच ती सोडली जाते; आमची चिप जुन्या बोर्डाबरोबरच गेली होती. दुरुस्ती करणाऱ्याने याची आधी कल्पना द्यायला हवी होती. थोरला भाऊ निश्चिंत होता, कारण 'सी उडाला तरी डी राहतो' हे तो वर्षानुवर्षे सांगत आला आहे, आणि आजोबांच्या पत्रांचे स्कॅन, शेताचे सातबारे, सगळे त्याने डीमध्येच ठेवले होते. पण डीही एन्क्रिप्ट झालेला होता आणि तो आपोआप उघडणारी किल्ली बंद पडलेल्या सीमध्येच होती. दोन दिवसांनी आठवले, की लॅपटॉप पहिल्यांदा भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला होता. पडद्यावरचा की आयडी त्या खात्यातल्या नोंदींशी ताडून पाहिला आणि की सापडली. सहा-सहा अंकांचे आठ गट मी वाचत गेलो, बाबा एका बोटाने टाइप करत गेले.

तरीही बिटलॉकर बंद करू नका. लॅपटॉप चोरीला गेला तर आपल्या फायली चोराच्या हाती पडण्यापासून बिटलॉकरच वाचवते. रिकव्हरी की आजच छापून कपाटात ठेवा आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरते थांबवा. आणि डी म्हणजे बॅकअप हा समज सोडा. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच एसएसडीचे दोन कप्पे असतात, एसएसडी गेली की दोन्ही जातात. भावाशी माझा वाद एवढ्याच मुद्द्यावर होता आणि आहे. बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवरच हवा.

शेवटचे रिकव्हरी पार्टिशन काढता येते, पण विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीची साधने त्यातूनच उघडतात, म्हणून मी तेही काढत नाही. पार्टिशनचे हे सर्व जीपीटी या नव्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कबद्दल आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कची मांडणी निराळी असते.