मुंगीला ‘झॉम्बी’ बनवणारी बुरशी खरी आहे का? आपल्याकडे असं काही दिसतं का?

खरी आहे, आणि आपल्याकडेही दिसतं. सोयाबीनच्या रानात दिसतं.

आधी मुंगीचं सांगतो. बुरशीचं नाव ऑफिओकॉर्डिसेप्स. थायलंडच्या जंगलात सुतारमुंग्यांवर तिचा बारकाईने अभ्यास झालाय. लागण झालेली मुंगी उंच झाडांवरची आपली वसाहत सोडून खाली येते, जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटरवर पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात घट्ट धरते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ फुटतो. ‘बुरशी मेंदूत शिरते’ असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण 2017 साली संशोधकांनी मुंगीच्या शरीराचे अतिपातळ काप तपासले तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं विणून बसलेल्या सापडल्या. मेंदूत एकही नव्हती! मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

आता आपल्या रानातलं. श्रावण-भाद्रपदात चार दिवस झड लागली, हवा दमट राहिली की पानं खाणाऱ्या अळ्यांवर मेटारायझियम रिलाई ही बुरशी येते. कृषी सेवा केंद्रात अजून जुन्याच नावाने, ‘नोमुरिया’ म्हणून मागतात. बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतो आणि कातडी भेदून आत जातो, पोटात जावा लागत नाही. एरवी पानाआड लपणारी अळी मरायच्या आधी झाडाच्या शेंड्याकडे चढते. सकाळी पाहिलं तर पोटाखालच्या पायांनी पानाला चिकटलेली, खडूच्या तुकड्यासारखी पांढरी आणि कडक. पुढे त्या पांढऱ्यावर फिकट हिरवी भुकटी धरते, बोट लावलं की पिठासारखी उडते. ते बीजाणू. उंचावरून ते वाऱ्याने लांब जातात आणि खालच्या पानांवरही पडतात, शेंड्यावर मरण्यात बुरशीचा फायदा तो.

माणसाला धोका विचारलात, तर या बुरश्या किड्यांच्याच शरीरात वाढायला सरावलेल्या आहेत. मुंगीवरची तर ठरावीक जातींच्या मुंग्यांपुरतीच.

शेती करत असाल तर एक सांगतो, अगदी कळकळीने. अशा वेळी बुरशीनाशक मारलंत तर ही बुरशीही मरते. शेंड्यावर पांढऱ्या अळ्या दिसायला लागल्या की आम्ही पंप बाजूला ठेवतो आणि आधी मीटरभर ओळीतल्या अळ्या मोजतो, मेलेल्या किती आणि जिवंत किती.