व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या व्हिडिओचे सबटायटल व्हीएलसीला का सापडत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग, मालवणी न कळणाऱ्या मुंबईच्या नातवंडांसाठी केलेली प्रमाण मराठीतली एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी फाइल). कणकवलीच्या लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये सबटायटल दिसतात, मुंबईत सबटायटल ट्रॅकच्या यादीत काहीच येत नाही.

बहुतेक दोष नावाचा आहे. एसआरटी व्हिडिओच्या पोटात नसते, शेजारी असते, आणि प्लेअर तिला नावावरूनच ओळखतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की पलीकडच्या अँड्रॉइड फोनवर त्याचं नाव 'व्हीआयडी', तारीख, 'डब्ल्यूए' आणि क्रमांक असं होतं. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या एसआरटीचं नाव मात्र 'दशावतार'च राहतं. दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

व्हीएलसी नाव किती काटेकोर जुळवतं, ते प्रेफरन्सेसमध्ये सगळ्या सेटिंग्ज ('ऑल') उघडल्यावर व्हिडिओखालच्या 'सबटायटल्स/ओएसडी'तल्या एका आकड्याने ठरतं. मूळ आकडा ३, म्हणजे नावापुढे जादा अक्षरं चालतात. ४ ला नाव तंतोतंत हवं. १ ला फोल्डरमधली कुठलीही एसआरटी उचलली जाते. तो ठेवू नका, नाहीतर संकासुराच्या तोंडी भलत्याच नाटकातले संवाद यायचे.

खरं तर नावं जुळवत बसण्यापेक्षा एमकेव्ही करा, म्हणजे व्हिडिओ आणि सबटायटल एकाच फाइलीत घाला. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइल टाका, सबटायटलच्या ओळीला भाषा मराठी द्या, 'डिफॉल्ट ट्रॅक'ला हो म्हणा आणि मल्टिप्लेक्सिंग (एकत्र बांधणी) सुरू करा. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो. नंतर शेजारची एसआरटी बाजूला काढून व्हीएलसीत कंट्रोल-जे दाबा. सबटायटल प्रकारची स्ट्रीम दिसली की ट्रॅक आत गेला. (चित्रावरच छापलेली अक्षरं इथे कधीच दिसत नाहीत, तो ट्रॅक नव्हे.) टीव्हीवर दाखवायला घेतलेला पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, आणि रात्रभराचा प्रयोग त्यापुढे सहज जातो. मोठ्या फाइली घेणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा तर टीव्ही तो वाचतो का, आधी बघा.

ट्रॅक दिसतो पण अक्षरांऐवजी कचरा येतो, तेव्हा एसआरटी फाइल नोटपॅडमधून यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारं एन्कोडिंग) म्हणून सेव्ह करा. टीव्हीवर चौकोन येत असतील तर फाइल बरी आहे. त्या टीव्हीत देवनागरी फॉन्ट नाही.

प्रयोगाचे तुकडे करून प्रत्येकाची नवी एसआरटी लिहिणार असाल, तर वेळेच्या ओळीत कीबोर्ड इंग्रजीवर आणा. देवनागरी आकड्यांत लिहिलेली वेळ प्लेअरला वेळ वाटतच नाही.