तिसरीच्या मुलांना स्ट्रेचिंग शिकवताना: अंगठे धरायची शर्यत नको

तुमचा प्रश्न वाचला. तिसरीच्या पीटीच्या तासाला लवचिकता शिकवायचीये, निम्म्या मुलांचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत, मग जोडीदाराने पाठीवर हलकं दाबलं तर चालेल का? तर नाही, अजिबात नको. कुठे थांबायचं ते दाबणाऱ्याला कळत नाही, त्यात आठ वर्षांचं पोर, गंमत म्हणून एक जोराचा धक्का देणारच. आणि स्नायू असा झटक्याने ताणला गेला की तो स्वतःला वाचवायला उलट आखडतो. वर-खाली हिसके देत अंगठे धरायचा प्रकारही म्हणूनच बंद करा.

थंड अंगाने ताणायला लावू नका. आधी पाचेक मिनिटं जागच्या जागी धावणं, दोरीउड्या, हात गोल फिरवणं, खेकड्यासारखं नाहीतर अस्वलासारखं चालणं, म्हणजे अंग गरमही होतं आणि मुलं खूशही. एका जागी धरून ठेवायचे स्ट्रेच तासाच्या शेवटी घ्या, प्रत्येक दहा ते वीस सेकंद, दोनदा पुरे. (रबरबँड ओढून लवचिकता समजावतात ते मला पटत नाही, पोरं तो तुटेपर्यंत ओढून बघतात आणि नेमकं तेच आपल्याला नकोय.)

आकडे मुलांना मोठ्याने म्हणायला लावा. श्वास रोखून धरलेल्या मुलाला मोजता येत नाही, त्यामुळे कोण जबरदस्ती ताणतंय ते तुम्हाला बसल्या जागी कळतं. फक्त ताल तुम्ही टाळीने द्या, नाहीतर दहा आकडे तीन सेकंदात उरकतात.

आता खरं शिकवायचं काय, तर ताण आणि दुखणं यातला फरक. लहान मुलांना "दुखेल तिथे थांब" सांगून भागत नाही कारण त्यांना दोन्ही सारखंच वाटतं, किंवा शाबासकी मिळावी म्हणून दुखलं तरी बोलत नाहीत. मी विचारते, "कुठे ताण येतोय, बोट ठेवून दाखव." पाय लांब करून बसलेल्या मुलाने मांडीच्या मागे मधोमध किंवा पोटरीवर बोट ठेवलं तर ठीक चाललंय. बोट गुडघ्याच्या मागच्या खाचेत गेलं किंवा कमरेवर गेलं, की गुडघा थोडा वाकवायला सांगायचं आणि परत विचारायचं. ताण सरकून मांडीत आला की चेहऱ्यावरच कळतं. टोचतंय, मुंग्या येताहेत असं म्हणालं तर लगेच सोडून द्यायचं. थोड्या दिवसांनी मुलं न विचारता स्वतःच बोट ठेवायला लागतात.

अंगठ्यापर्यंत हात पोचणं हे माप म्हणून वाटतं तेवढं खरं नाही. लांब पाय आणि आखूड हात असलेलं मूल मागे राहणार, त्यात त्याचा काय दोष? उंची भराभर वाढते त्या काळातही काही मुलं आधीपेक्षा आखडल्यासारखी वाटतात. शिवाय खांदे मोकळे म्हणून मांड्याही मोकळ्या असतील असं नसतं, प्रत्येक सांध्याचं वेगळं. मोजायचंच असेल तर एका वेळी एकच पाय लांब, दुसरा वाकवून, आणि तुलना त्याच मुलाच्या दोन महिन्यांपूर्वीच्या मापाशी. फळ्यावर नावं-आकडे लिहू नका प्लीज.

आणि आखडलेल्या मुलांइतकंच लक्ष अतिलवचिक मुलांकडे हवं, हे बहुतेक जण विसरतात. हाताचा अंगठा वाकवून मनगटाजवळ हाताच्या आतल्या बाजूला टेकवणारं, कोपर किंवा गुडघा उलट्या बाजूला वाकणारं एखादं मूल वर्गात असतंच आणि सगळे त्याला "परत करून दाखव" म्हणतात. अशा मुलाला जास्त ताणायची गरज नसते, त्याला ताकदीचे व्यायाम हवेत, आणि उभं असताना गुडघे मागे लॉक न करता किंचित सैल ठेवायची सवय. वरचेवर सांधे दुखत असतील किंवा पाय मुरगळत असेल तर पालकांना डॉक्टरांना दाखवायला सांगा.

मान पूर्ण गोल फिरवणं आणि जबरदस्तीचा स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण पसरून जमिनीवर टेकणं) मी प्राथमिकला घेतच नाही. फुलपाखरू (तळवे जुळवून, पण गुडघे हाताने खाली दाबायचे नाहीत), मांजरीसारखी पाठ वर-खाली करणं, भिंतीला हात टेकवून पोटरी ताणणं, एवढ्यावर पहिले काही आठवडे आरामात निघतात.