मित्रराष्ट्र, भागीदार, संवाद भागीदार : कुठला शब्द कुठे वापरायचा

राजापूरहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने विचारलंय की पेपरात एका बातमीत 'क्वाड युतीतील भारताची मित्रराष्ट्रे' असं छापलं होतं (क्वाड म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया), दुसऱ्या बातमीत त्याच देशांना 'क्वाड गटातील भागीदार' म्हटलं होतं, आणि क्लासच्या नोट्समध्ये आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेबद्दल लिहिताना 'भारत क्षेत्रीय संवाद भागीदार झाला' असं वाक्य आहे, तर हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का, आणि उत्तरपत्रिकेत नेमकं काय लिहायचं.

एकाच अर्थाचे नाहीत. कोणी कशावर सही केलीये हे बघितलं की शब्द आपोआप ठरतो, म्हणून आधी करार बघायचा आणि मग शब्द निवडायचा, एवढी सवय लावून घ्या.

मित्रराष्ट्र घ्या. बोलताना आपण तो सैल वापरतो, ज्याच्याशी बरं चाललंय तो देश मित्र, त्यात काही चूक नाही. पण राज्यव्यवहारात मित्र हा शब्द फार जुना आणि वजनदार आहे, कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली त्यात स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि सातवं मित्र. त्याच कौटिल्याकडे परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग आहेत, त्यात संधी वेगळा आणि संश्रय वेगळा. संधी म्हणजे तह, आणि संश्रय म्हणजे बलवानाच्या आश्रयाला जाऊन राहणं. आज अमेरिकेचे जपानशी (१९६०), दक्षिण कोरियाशी (१९५३), फिलिपिन्सशी (१९५१) जे संरक्षण करार आहेत ते या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी बसतात, हल्ला झाला तर काय करायचं हे त्यात कलमात लिहिलेलं आहे. अशा देशांना 'करारबद्ध मित्र' म्हणावं असं माझं मत आहे, नुसतं मित्रराष्ट्र म्हटलं की वाचणाऱ्याला कळत नाही तुम्ही सैल अर्थाने म्हणताय का घट्ट. भारताचा असा करार आज कुणाशीच नाही. १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराचं नाव शांतता, मैत्री आणि सहकार्य करार होतं, पण त्याच्या नवव्या कलमातही हल्ला किंवा हल्ल्याची धमकी आली तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची असं होतं, सैन्य पाठवायचं असं नव्हतं.

हा फरक कागदावरचा वाटेल पण आशियातले प्रादेशिक गट कसे बनले ते याच्यावरच ठरलंय. १९९० च्या डिसेंबरात मलेशियाचे पंतप्रधान महाथिर मोहमद यांनी पूर्व आशियाचा एक आर्थिक गट काढायची कल्पना मांडली, आसियान, जपान, चीन, कोरिया आत आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड बाहेर. जपान आला असता तर त्या गटाला खरं वजन मिळालं असतं. पण अमेरिकेने विरोध केला, परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर उघड बोलले, आणि जपानने हात आखडता घेतला. करारबद्ध मित्र असणं म्हणजे काय ते इथे दिसतं, शेजारच्या गटात बसायचं की नाही हे ठरवतानासुद्धा दूरच्या मित्राचा विचार करावा लागतो. त्यातल्या आशियाई देशांची एकत्र बैठक व्हायला मग १९९७ चा डिसेंबर उजाडला, आसियान अधिक तीन या नावाने.

पुढे २००५ ला क्वालालंपूरला पहिली पूर्व आशिया शिखर परिषद झाली तेव्हा उलट घडलं, भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनाही आत घ्या असा जपानचा आग्रह होता आणि ते झालंही. तिथे प्रवेशाची एक अट होती, आसियानच्या १९७६ च्या मैत्री आणि सहकार्य करारावर सही करायची. आता या 'मैत्री'कडे नीट बघा. भारत आणि चीन दोघेही २००३ मध्ये या करारात आले, अमेरिका २००९ ला आली. म्हणजे इथली मैत्री ही एकमेकांवर बळ न वापरता भांडण मिटवायचं वचन आहे, एकमेकांसाठी लढायचं वचन नाही. ऑस्ट्रेलियाला आधी शंका होती की अमेरिकेशी असलेल्या आपल्या कराराला याने बाधा येईल का, तरी शेवटी त्यांनी सही केली. तेव्हा नावात मैत्री दिसली म्हणून लगेच मित्रराष्ट्र लिहू नका.

आता युती. हा मूळचा पंचांगातला शब्द, दोन ग्रहांची युती होते. मराठी राजकारणात तो शिवसेना-भाजपमुळे रुजला आणि आघाडी हा शब्द दुसऱ्या बाजूला गेला, त्यामुळे युती म्हटलं की आपल्या डोक्यात जागावाटप, एकत्र लढणं आणि समोर कोणीतरी ठरलेला विरोधक येतो. क्वाडला ना करार आहे ना मुख्यालय. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांनी मदतकार्यासाठी एक गट केला, तो जानेवारी २००५ मध्ये संपलाही, आणि ती एकत्र काम करायची सवय पुढे २००७ ला आणि मग २०१७ ला पुन्हा उपयोगी पडली. त्यात जपान आणि ऑस्ट्रेलिया अमेरिकेचे करारबद्ध मित्र आहेत आणि भारत नाही, म्हणून चौघांना मिळून 'भागीदार' आणि सगळ्याला 'गट' हेच बरोबर. पेपरातली दुसरी बातमी जास्त नेमकी.

कामापुरतं एकत्र येणं आणि मित्र असणं हा फरक आमच्या किनाऱ्याला चांगला माहीत आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि वॉटसन-क्लाइव्हचं इंग्रजी आरमार समुद्रातून विजयदुर्गावर आलं, आंग्र्यांचं आरमार खाडीत जळालं, किल्ला पडला, आणि मग इंग्रज तो पेशव्यांना द्यायला तयार होईनात. शेवटी त्याच वर्षी तह करून बाणकोट इंग्रजांकडे आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे असं झालं. मोहीम एक होती पण हेतू दोन होते, आणि अशा नात्याला मित्र म्हणून मोकळं झालं तर पुढचं भांडण समजतच नाही. आपल्या मुलांनी हा इतिहास दर्यावर्दींच्या शौर्यापुरता न वाचता तहांसाठीही वाचावा असं मला मनापासून वाटतं.

संवाद भागीदार म्हणजे सदस्य नव्हे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना बाहेरच्या माणसाने दोरीला हात लावला तर त्याला मासे मिळतात पण रापण कधी टाकायची आणि वाटे कसे पाडायचे ते रापणकार ठरवतात, तसंच हे. भारत आसियानच्या बैठकांना बसतो, व्यापार करार करतो, पण आसियानमधे निर्णय सदस्यांचाच, तोही सहमतीने.

राहिला 'क्षेत्रीय', आणि इथे नोट्समुळे खरा गोंधळ झालाय. १९९२ ला भारत आसियानचा ठरावीक विषयांपुरता, म्हणजे व्यापार, गुंतवणूक, पर्यटन अशा क्षेत्रांपुरता संवाद भागीदार झाला, आणि पूर्ण दर्जा १९९६ पासून मिळाला. नोट्समधल्या 'क्षेत्रीय'चा अर्थ एवढाच. पण हिंदीत भौगोलिक प्रदेशालाही क्षेत्र म्हणतात, त्यामुळे हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात सार्क, बिमस्टेक हे 'क्षेत्रीय सहयोग संगठन' होतात आणि एकच शब्द दोन कामं करायला लागतो. मराठीत आपल्याकडे प्रादेशिक आहे, सहकार्य आहे, संघटना आहे, शिखर संमेलनाऐवजी शिखर परिषद आहे. प्रदेशासाठी 'प्रादेशिक' आणि विषयासाठी 'क्षेत्रनिहाय' लिहा, म्हणजे वाक्य असं होईल : 'भारत १९९२ मध्ये आसियान या प्रादेशिक संघटनेचा क्षेत्रनिहाय संवाद भागीदार झाला.'