द्राक्षं आणि बेदाणे घेताना

निफाड-दिंडोरीकडून थेट घेत असाल तर 'सेंद्रिय आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. शेवटची फवारणी कधी केली आणि कोणत्या औषधाची, हे विचारा. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी ठरावीक दिवस थांबावं लागतं. भाव चढला की नेमकी तिथेच घाई होते. निर्यातीच्या मालात औषधाचे अवशेष किती, याची तपासणी अपेडाच्या (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या नोंद प्रणालीतून होते, गल्लीतल्या गाडीवरच्या मालाची तशी होत नाही.

मण्यावरची एकसारखी पांढरट लव हे द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, त्याला घाबरू नका. थेंब वाळल्यासारखे ठिपके दिसले तर मात्र फवारणीचे डाग समजा. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून घड 12 ते 15 मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्यात धुवा. याने वरचं औषध बरंचसं जातं. आंतरप्रवाही औषध गरात उतरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. म्हणूनच तो पहिला प्रश्न महत्त्वाचा.

बेदाण्यात पिवळ्या चकाकीला भुलू नका, ती बहुधा गंधकाच्या धुरीची असते. पाकिटावर 220 हा क्रमांक शोधा, तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे याच धुरीचा. घरात कुणाला दमा असेल तर असा बेदाणा आणूच नका.