चक्रीवादळात टिकणाऱ्या घरांचे नियम कोकणासाठी कसे तयार होतील?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फ्लोरिडात संशोधन करून, सगळ्या संबंधितांना एकत्र बसवून वादळाला टिकणाऱ्या बांधकामाचे नियम केले गेले, तसे कोकणासाठी का होत नाहीत? आणि 'निसर्ग' चक्रीवादळात दापोलीकडच्या तुमच्या घराचा पत्रा उडाला, आता कायमचं छप्पर करताना कोणता नियम धरायचा? मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, गाव मंडणगड तालुक्यात. ३ जून २०२० ला वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आठवड्याभराने मी गावी पोचलो. रस्त्यावर आडवे झालेले आंबे-फणस तोडत वाट काढावी लागत होती, वीज नव्हती. टेप आणि वही घेऊन वाडी-वाडीत फिरलो. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती जवळपास सगळीकडे उभ्या होत्या. गेली होती ती छपरं. सुपारीच्या बागेत, शेतात, एके ठिकाणी तर देवळामागच्या विहिरीत पत्रे पडलेले होते. मी ते पत्रे उलटून त्यांची भोकं पाहायला लागलो. भोकं फाटून लांबट झाली होती, आणि घरावर पाहावं तर स्क्रू पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपात, जागच्या जागी. म्हणजे स्क्रू उपटला नव्हता, पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून फाटून निघून गेला होता. काही घरांत अख्खा सांगाडाच पत्र्यासकट उचलला गेला, कारण लोखंडी पाइप भिंतीवर नुसते सिमेंटच्या गोळ्यात टेकवलेले होते. आणि बहुतेक ठिकाणी आधी पडवीचा पत्रा गेला, मग त्याने वरचं पाखं ओढून नेलं.

हवामान खात्याने सांगितलेला त्या दिवसाचा वारा, झोत धरून, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होता. आपलं वाऱ्याचं मानक म्हणजे आयएस ८७५ चा भाग ३ (२०१५ ची आवृत्ती). त्यात मुंबईसाठी मूळ वेग, म्हणजे बांधकामाच्या हिशेबात धरायचा वाऱ्याच्या झोताचा वेग, सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर धरलाय. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. थोडक्यात, कागदावरच्या आकड्यापेक्षा वादळ मोठं नव्हतं. आकडा पुरेसा होता, तरी छपरं गेली. हे समजलं त्या दिवसापासून 'कडक नियम करा' एवढंच म्हणणं मी सोडून दिलं.

ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांवर वारा दाबत नाही, वर ओढतो, आणि तिथे ही ओढ मधल्या भागाच्या दुपटीच्या घरात जाऊ शकते. आपल्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. मंगलोरी कौलांचं चाळीसच्या पुढे, शिवाय कौलांच्या फटींतून आतली हवा थोडी निसटते आणि दाब कमी होतो. वानरांचा त्रास आणि दरवर्षीची शाकारणी परवडेना म्हणून आपण कौलं उतरवून पत्रे चढवले. कारणं खरी होती, कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण जे छप्पर निम्मं आपल्या वजनाने बसलेलं होतं, ते आता पूर्णपणे स्क्रूच्या भरवशावर आहे. त्यात खिडकी फुटली किंवा दार उघडलं की आत शिरलेला वारा खालून ढकलतो आणि बाहेरचा वरून ओढतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळ-पठारावरच्या, किंवा घाटीच्या तोंडावरच्या घराला आणखी त्रास, कारण उतार चढून येणारा वारा वेग घेतो. मानकात अशा जागेसाठी वेगाला १.३६ पर्यंत गुणायला सांगितलंय, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

स्क्रूभोवती पत्रा फाटण्याची ही गोष्ट जगाला पहिल्यांदा मोठ्या किमतीला कळली ती ऑस्ट्रेलियात. १९७४ च्या नाताळात डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं आणि शहरातली बहुसंख्य घरं नष्ट झाली. तपासात दिसलं की पत्रा एका मोठ्या झटक्याने गेला नव्हता. झोत येत-जात राहिले, स्क्रूपाशी पत्रा हजारो वेळा वर-खाली वाकला आणि तिथेच थकून चिरला. तार पुढे-मागे वाकवून आपण तोडतो, अगदी तसंच. प्रयोगशाळेत एकदाच जोर लावून पाहणाऱ्यांना हे दिसणार नव्हतं. मग डार्विनसाठी नियम आला की छपराच्या पत्र्यावर दाब १०,००० वेळा टाकून-काढून तपासायचा. १९७७ मध्ये टाउन्सव्हिलला जेम्स कुक विद्यापीठात खास चक्रीवादळांसाठी चाचणी केंद्र निघालं. पुढे ती पहिली चाचणी बदलून प्रत्यक्ष वादळातल्या चढत्या-उतरत्या झोतांशी जुळणारी केली गेली. उद्योगाला परवडेल आणि घरही टिकेल, असा मेळ साधायला वर्षानुवर्षं लागली. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण विहिरीतल्या त्या पत्र्याची भोकं पाहताना मला डार्विनच आठवलं होतं.

आता फ्लोरिडा. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. नियम तेव्हाही होते, अमेरिकेतल्या चांगल्या नियमांत त्यांची गणना होती. पण छपराच्या फळ्यांचे खिळे खालच्या लाकडात न बसता बाजूने हुकलेले सापडले, तपासणी ढिली होती, आणि राज्यात चारशेहून जास्त वेगवेगळ्या स्थानिक संहिता, म्हणजे बांधकामाच्या नियमावल्या, चालू होत्या. सगळ्या राज्याला एक संहिता लागू व्हायला १ मार्च २००२ उजाडलं. दहा वर्षं गेली ती मुख्यतः माणसांना एकत्र आणण्यात. बिल्डर खर्चाचा हिशेब मांडत होते, विमा कंपन्या नुकसानीचा, खिडक्या बनवणारे चाचणीचा. मायामी-डेडमध्ये, म्हणजे मायामी शहराच्या जिल्ह्यात, खिडकीवर सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास वेगाने मारून पाहतात. पुढे विमा कंपन्यांनी स्वतःच्या पैशांनी साउथ कॅरोलिनात १०५ पंख्यांची प्रयोगशाळा उभारली आणि २०१० मध्ये दोन पूर्ण आकाराची घरं शेजारी शेजारी ठेवून वाऱ्यात तपासली. साधं कोसळलं, मजबूत केलेलं उभं राहिलं.

पण संमती म्हणजे नेहमी शहाणपण नव्हे, हेही तिथेच दिसतं. राज्याच्या वायव्येकडच्या किनारपट्टीला खर्चाच्या कारणाने खिडक्यांच्या संरक्षणातून मोठी सूट दिली गेली. काही वर्षांनी ती रद्द झाली, पण तोवर बांधलेली घरं तशीच राहिली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल वादळ नेमकं त्याच किनाऱ्यावर आलं. वाटाघाटीत कुणाला सूट मिळते याकडे म्हणूनच बारीक लक्ष ठेवावं लागतं.

आपल्याकडे मानक करतं भारतीय मानक ब्युरो. त्यांच्या समितीत संशोधक, सरकारी खाती, उत्पादक, वापरकर्ते असे सगळे असतात, मसुदा हरकतींसाठी खुला होतो आणि त्यावर कुणीही, अगदी तुम्ही-मीसुद्धा, लिहून पाठवू शकतो. चेन्नईची स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर, रुडकी आणि कानपूरच्या आयआयटी यांनी वाऱ्यावर दर्जेदार काम केलंय. बुटक्या घरांसाठी आयएस १५४९८ हे वेगळं मार्गदर्शक मानक २००४ पासून आहे. म्हणजे 'आपल्याकडे काहीच नाही' हे खरं नाही.

खटकतं ते दुसरंच. वाऱ्याच्या मानकात चक्रीवादळी पट्ट्यासाठी जास्तीचा गुणक आहे: शाळा, दवाखाने, निवारे यांच्यासाठी वेगाला १.३०. २०१५ च्या आवृत्तीत तो लागू केला पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्याला. कोकणाचं नाव त्यात नाही. साध्या घराला गुणक १ च असल्याने तुमच्या छपराला फरक पडत नाही, पण गावच्या शाळेला पडतो: १.३० चा वर्ग १.६९, म्हणजे तेवढ्याच वाऱ्याला गुजरातमधली शाळा जवळपास ७० टक्के जास्त दाबासाठी बांधायची आणि आपली नाही. आणि वादळाच्या रात्री लोक शाळेतच जातात. अरबी समुद्रात चक्रीवादळं वाढलीत, त्यांचा जोर आणि मुक्कामही वाढलाय, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलंय. 'फयान' २००९ चं, 'निसर्ग' २०२० चं, 'तौक्ते' २०२१ चं. कोकणाला त्या पट्ट्यात घेण्याची मागणी पुराव्यासकट करायची वेळ आली आहे, असं माझं ठाम मत आहे.

तरीही मानक बदललं म्हणून वाडीतला पत्रा टिकणार नाही. गेल्या वर्षी मी दापोलीच्या एका फॅब्रिकेटरबरोबर तासभर बसलो होतो. मन लावून काम करणारा माणूस. त्याने मला साधा हिशेब सांगितला: गिऱ्हाईक भाव चौरस फुटावर करतं, दोघा-तिघांकडे विचारतं, स्वस्त असेल त्याला काम देतं. स्क्रू किती, वायसर कसला, हे कुणी विचारत नाही. जो जास्त स्क्रू लावेल त्याचा भाव चढतो आणि काम जातं. हा हिशेब दिल्लीच्या समितीत कुणाला माहीत असेल? म्हणून संबंधितांची बैठक म्हणाल तर त्या खोलीत मला फॅब्रिकेटर हवा, चिऱ्याचा गवंडी हवा, हार्डवेअरचा दुकानदार हवा, ग्रामसेवक हवा, आणि वादळानंतर ताडपत्रीखाली चूल मांडलेली घरची बाईही हवी. चाचण्यांसाठी दिल्लीकडे बघायलाही नको. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ आपल्याच पट्ट्यात आहेत. जांभ्यात बसवलेला बोल्ट किती जोराने निघतो, खाण बदलली की तो आकडा किती बदलतो, खाऱ्या वाऱ्यात गॅल्व्हनाइज्ड स्क्रू किती वर्षं टिकतो, हे मोजायला १०५ पंखे लागत नाहीत. त्या आकड्यांवरून एका पानाचा, चित्रांचा, मराठीतला नियम निघावा आणि घरकुलाच्या प्रत्येक कामाला तो जोडला जावा.

तुमच्या छपराबद्दल. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घाला आणि सांगाड्याचे बोल्ट तो ओतताना त्यातच बसवा, नंतर भोक पाडून नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, म्हणजे ते गेलं तर एकटं जाईल. जमत असेल तर दुपाखीऐवजी चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेलं, करा, आपली जुनी घरं त्या आकाराने वाऱ्याला जास्त सोसत. वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्या, डोक्याखाली रुंद वायसर. पत्रा एक गेज जाड घेतलात तर भोक फाटायला वेळ लागतो. पट्ट्याची आणि बोल्टची मापं जागा पाहून जवळच्या इंजिनिअरकडून काढून घ्या.

आणि भाव ठरवताना चौरस फुटाच्या दराखाली फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या: स्क्रूची संख्या, वायसरचा व्यास, पत्र्याची जाडी, बोल्टचं अंतर. काम संपलं की शिडी लावून स्क्रू मोजा. पूर्वी मे महिन्यात शाकारणीला माणसं वर चढत, तेव्हा तडकलेलं कौल दिसत असे. तुम्हीही दर मे महिन्यात एकदा वर माणूस चढवा आणि गंजलेले स्क्रू बदलून घ्या.