मुंबईतली इराणी हॉटेलं गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडतायत का?

नाही, गिऱ्हाईक हे मुख्य कारण नाही. गल्ल्यावर बसायला पुढची पिढी नाही आणि जागेची किंमत मात्र चहाच्या कपाला परवडण्यापलीकडे गेली आहे. माझं ऑफिस फोर्टात, त्यामुळे हे रोज दिसतं. बहुतेक इराणी जुन्या इमारतीत नाक्यावर, पागडीच्या जागेत (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली, कमी भाड्याची जुनी भाडेकरार पद्धत). भाडं नाममात्र, म्हणूनच बन मस्का इतकी वर्षं स्वस्त राहिला. पण मुलं परदेशात किंवा दुसऱ्या धंद्यात, भागीदार सतरा, आणि जागा सोडली तर एकरकमी पैसा मिळतो. मग चहा विकत कोण बसेल? इमारत पुनर्विकासाला गेली की विषयच संपला.

अर्थात प्रत्येक बंद होण्यामागे हेच नसतं: जहांगीर कलादालनातलं समोवार कॅफे (ते इराणी नव्हे) 2015 मध्ये बंद झालं ते जागेच्या वादातून, टेबलं भरलेली असताना.

जायचं तर:
- कयानी, मेट्रो सिनेमासमोर, 1904 पासून
- ब्रिटानिया, बॅलार्ड इस्टेट, 1923 पासून. बेरी पुलावसाठी दुपारीच जा, रात्रीच्या जेवणाच्या भरवशावर नको